दोन्ही बाजूंना कठडा

रॅगेड कोव्ह, न्यूफाउंडलंड
४ मे

प्रिय लिअँडर,

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि हेडली फोन घेतो तो वारा कुठल्या दिशेचा आहे ते ओरडून सांगायला आणि ठेवून द्यायला. म्हणून लिहिते.

तुझा मेव्हणा पडला. सगळा जन्म समुद्रावर काढला, कसली कसली वादळं बघितली, तिथं काही झालं नाही. पडला तो स्वतःच्या मागच्या दारात, चुलीसाठी लाकडं आणताना. पायरीवर बर्फाचा पापुद्रा होता. दोन बरगड्यांना चीर गेली आहे. कुणी विचारलं तर म्हणतो, "पडलो कुठं? बसलो." त्याच्या नशिबानं शेजारचा सायलस इंकपेन कुंपणाशी होता, नाहीतर मी आत बसून रेडिओ ऐकत राहिले असते आणि हा बाहेर 'बसून' राहिला असता.

मरीना कळल्यावर अल्बर्टाहून उडत आली. आठवडाभर आईबापांची सेवा केली आणि जाताना सांगून गेली, घर विका आणि शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला जा. तिथं म्हणे सगळं एका मजल्यावर आहे, बटण दाबलं की नर्स हजर. हेडलीनं विचारलं, "बटण दाबलं की कॉड मासा पण येतो का?" पोरगी रडायला लागली. तिचंही चुकत नाही रे. तिकडे अडीच हजार मैलांवर बसून प्रत्येक फोनला ती दचकत असेल.

पण मी या घरातून हलणार नाही. आणि हट्टानं इथंच राहून एक दिवस जिन्याखाली सापडायचंही माझ्या मनात नाही. न्हाणीघर वर, झोपायची खोली वर, जिन्याला एकाच बाजूला कठडा आणि तोही दातासारखा हलतो. तू आयुष्यभर होड्या बांधल्यास. ये आणि या घराला एकदा हात लाव. जूनमध्ये ये, कॅपलिन मासे किनाऱ्यावर लोळायला येतात तेव्हा. बादलीभर तळून घालीन.

तुझी बहीण,
सेलिना

*

हॅलिफॅक्स
२१ मे

प्रिय सेलिना,

कप्तानाला सांग, बसायचंच असेल तर खुर्ची घेऊन बस. बरगड्या बऱ्या होतात, पण हसू देत नाहीत, एवढंच त्यांचं वाईट.

मला यंदाच्या उन्हाळ्यात येता येणार नाही. इथं एका कामात अडकलोय. खोदून विचारू नकोस. फोनही सध्या बंद आहे, पत्रं मात्र याच पत्त्यावर घाल, मला मिळतात.

पण घराचं काम थांबवू नकोस. मी सांगतो तसं करा. आधी एक कर: सकाळी उठल्यापासून हेडली घरात फिरतो तेव्हा त्याचा हात कुठं कुठं जातो ते नुसतं बघ. खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर, जिथं जिथं हात जातो तिथं त्याला आधार हवा आहे, आणि तो ज्याला धरतोय ते बहुतेक धरण्याजोगं नसतं. होडीत बघ, प्रत्येक हाताला धरायला काहीतरी असतं, आणि वीस वर्षांचा गडीसुद्धा धरूनच चालतो. त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही. मग घरात कसली लाज?

जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा घाला. चपटी फळी नको, मुठीत मावेल असा गोल हवा. आणि शेवटच्या पायरीच्या पुढेही हातभर न्या. माणूस जिन्याच्या मध्यावर पडत नाही. पायऱ्या संपल्या असं वाटतं आणि एक उरलेली असते, तिथं पडतो.

दुसरं. समोरची खोली उघडा आणि पलंग तिथं आणा. त्या खोलीत वर्षभरात पाद्री दोनदा येतो आणि बाकी ती मेलेल्यांना दफनाआधी ठेवायला राखलेली असते. आधी जिवंतांची सोय बघ. कोठीघरात न्हाणीघर होईल, नळ भिंतीपलीकडेच आहे.

तिसरं सांगायला मी घाबरतोय. तुझे चिंध्यांचे गालिचे जमिनीवरून उचल.

थांबतो. पाच वाजले, जेवण आलं.

लिअँडर

*

रॅगेड कोव्ह
३ जून

लिअँडर,

घाबरलास ते बरोबरच केलंस. ते गालिचे मी एकेक हिवाळा बसून विणलेत. स्वयंपाकघरातला जहाजाचा गालिचा आईनं आखून दिला होता. दोन दिवस मी तुझं पत्र पालथं घालून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याच गालिच्याच्या कडेत माझी चप्पल अडकली आणि मी चुलीवर पडता पडता वाचले. हेडलीला काही बोलले नाही. गालिचे उचलले आणि भिंतीवर टांगले. आता जो येतो तो त्यांच्याकडे बघून वा वा करतो. इतकी वर्षं पाय पुसत होते मेले.

समोरची खोलीही उघडली. पलंग आणला. पहिल्या दिवशी तिथं झोपताना मला वाटलं, आता कुणीतरी येऊन माझ्या छातीवर फुलं ठेवणार. हेडली म्हणाला, "हात छातीवर घेऊ नकोस, मला भीती वाटते." मग दोघंही इतके हसलो की त्याच्या बरगड्या दुखल्या.

जिन्याचा कठडा सायलसनं आणि त्यानं मिळून बसवला. इथवर ठीक. पण न्हाणीघरात दांड्या लावायचं म्हटल्यावर साहेब अडून बसले. "माझ्या घराचं इस्पितळ करू नका" म्हणे. आणि पुढच्या दाराला पायऱ्यांऐवजी उताराच्या रॅम्पचं तर नावच काढू नका. "खाली धक्क्यावरून सगळं गाव बघतं. म्हणतील, संपला कप्तान." मी म्हटलं, "तू पालथा पडलास ते गावाला कळलंच आहे, त्याचं काय?" तर म्हणे, "बसलो होतो."

आणि तुझं मला कळत नाही. कसलं काम? शहात्तराव्या वर्षी असं कुठलं काम आहे जे बहिणीपेक्षा मोठं आहे? पर्लवहिनी गेल्यापासून तू एकटा त्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला असतोस. खरं सांगायचं तर मला राग आलाय. यंदा कॅपलिन लवकर आले आणि गेलेही. मी तुझ्या वाटचे तळले आणि सायलसला घातले.

सेलिना

*

हॅलिफॅक्स
१६ जून

प्रिय सेलिना,

सायलसला पचोत.

रागाव, पण न्हाणीघराचं सोडू नकोस. जिन्याला माणूस भितो म्हणून जपतो. न्हाणीघरात कुणी जपत नाही.

टब नकोच. टबात पाय टाकताना माणूस एका पायावर उभा असतो, ओल्या जमिनीवर, अंगावर कपडा नाही आणि धरायला साबण. जमिनीच्या पातळीतला शॉवर करा, मध्ये उंबरठा नको, बोटभरसुद्धा नको. आत बसायला एक पक्की फळी. शॉवर हातात घेता येईल असा. गरम पाण्याचा नळ बसल्या जागेवरून आणि अंगावर पाणी पडायच्या आधी फिरवता आला पाहिजे.

कमोडजवळची दांडी नीट लावा. सगळे ती शेजारच्या भिंतीवर सरळ आडवी लावतात. उठताना माणूस आधी पुढं झुकतो, मग हात खाली रेटतो, आणि अर्ध्यावर आल्यावर पकड बदलून वर ओढतो. म्हणजे एक दांडी रेटायला आणि एक उभी, ओढायला. दोन्ही भिंतीच्या आतल्या खांबात ठोका, नुसत्या पातळ फळीत नाही. टॉवेलची दांडी तिथं ठेवूच नका. तोल गेला की हात तिलाच जातो, आणि ती भिंतीतून उपटून हातात येते. मग ती हातात धरून तुम्ही जमिनीवर पडून राहता, आणि हाक मारली तरी खालच्या मजल्यावर ऐकू जात नाही.

दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं असलं आणि माणूस दाराशी पडला तर मदतीला आलेल्याला आत येता येत नाही. दाराच्या गोल मुठी काढून खाली दाबायच्या लावा, कोपरानंही उघडतात. दारं थोडी रुंद करा. आत्ता नको असेल तरी करा.

कामाचं म्हणशील तर ते संपत आलंय की नाही हे अजून मलाच कुणी सांगत नाही. पण मी मजेत आहे. माणसं चांगली आहेत.

लिअँडर

*

रॅगेड कोव्ह
२८ जून

मेव्हण्या,

मी पत्रं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. सेलिना चर्चला गेली आहे, तोवर लिहितो.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. एकदा नाही, चारदा. होडी बांधणाऱ्याला कठड्याची जाडी कळते, मान्य. पण कमोडवरून उठताना पकड अर्ध्यावर कुठं बदलते, हे कुठल्या होडीत शिकलास? टॉवेलची दांडी हातात घेऊन जमिनीवर पडलं की खाली हाक जात नाही, हे तुला कुणी सांगितलं? आणि पाच वाजता तुझं जेवण 'येतं' कुठून? तू एकटा माणूस, तुझं जेवण तू उठून आणल्याशिवाय येत नाही.

तू कुठं आहेस? खरं लिही.

आता माझं ऐक. दांड्यांना मी नाही म्हणत होतो ते गावाला ऐकवायला. घरात माझं वेगळं चाललंय. सेलिनाला दिसत नाही. पायरीची कड तिला दिसत नाही, पावलानं चाचपते. तिला वाटतं मला कळत नाही. विचारलं तर म्हणते चष्मा पुसायचा राहिला. मागच्या रविवारी ती चर्चला गेल्यावर मी प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारला. आल्यावर सांगितलं, होडीचा रंग उरला होता, वाया जात होता. आता ती जिना उतरताना चाचपत नाही.

दांड्याही लावल्यात. तू सांगितलंस तशा, दोन. माझ्यासाठी नाहीत.

हेडली कीपिंग

*

हॅलिफॅक्स
१० जुलै

कप्तान,

धुक्यात खडक ओळखायची तुझी सवय अजून गेलेली नाही.

एप्रिलमध्ये मी टबात पडलो. खुबा मोडला. बराच वेळ पडून होतो. शेवटी खालच्या मिसेस बूड्रोला छतातून पाणी गळायला लागलं म्हणून ती भांडायला वर आली, आणि भांडण राहिलं बाजूला. ऑपरेशन झालं, नीट झालं. तेव्हापासून चालायला शिकवतात त्या इस्पितळात आहे. पत्रं तीच बाई आणून देते. सेलिनानं मदत मागितलेलं पत्र आलं तेव्हा मी पलंगावर आडवा होतो. काय लिहिणार होतो? तुझ्या बरगड्या मोडलेल्या, त्यात माझा खुबा कुठं घालू?

मग मी इथं बघायला लागलो. रोज सकाळी व्यायाम करून घेणारी पोरगी आम्हाला उठवते, बसवते, दांड्या धरायला लावते. माझ्या पलंगाभोवती सहा जण आहेत, सगळे आपापल्या घरात पडलेले. कुणी गालिच्यावरून, कुणी टबात, कुणी त्या एका उरलेल्या पायरीवर. मी त्यांना विचारत गेलो आणि तुम्हाला लिहीत गेलो. खरं सांगू, त्यामुळे दिवस गेले. तुमचं घर मी इथून बांधत होतो.

आता मी वॉकर घेऊन बरा चालतो. पण जिना चढणं यापुढे नाही, आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इथली समाजसेविका म्हणते की परत तिकडे सोडता येत नाही. वृद्धाश्रमात जी जागा आधी रिकामी होईल ती घ्यावी लागेल. बहुधा लांब, आतल्या भागात. तिथून समुद्र दिसत नाही. मी सही करणार आहे. सेलिनाला सांगू नकोस. ती येऊन मला पाठीवर घेऊन जाईल.

लिअँडर

*

रॅगेड कोव्ह
१९ जुलै

लिअँडर टिझर्ड,

पाठीवर घेऊन गेले असते, बरोबर ओळखलंस.

हेडलीनं मला काही सांगितलं नाही. त्यानं तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवलं, भिंग त्याच्यावर ठेवलं, आणि "मी धक्क्यावर जातो" म्हणून निघून गेला. त्याची सांगायची पद्धत ही. वाचून झाल्यावर मी आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग रडले. मग उठून तोंड धुतलं आणि त्या समाजसेविकेला फोन लावला. ऐकू येत नव्हतं तर सायलसच्या बायकोला मध्ये बसवलं. ती ऐकायची आणि मोठ्यानं मला सांगायची, मी बोलायचे. सगळ्या गावाला तुझा खुबा आता तोंडपाठ आहे.

बाई चांगली आहे. तिनं विचारलं, "घरात पायऱ्या न चढता आत येता येतं का? झोपायची खोली खाली आहे का? शॉवर उंबरठ्याविना आहे का? दारातून वॉकर जातो का?" शॉवर आणि रुंद दारं नुकतीच झाली होती, मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. शेवटी तिनं विचारलं, "हे सगळं तुमच्याकडे आधीपासून कसं?" मी म्हटलं, "तुमच्याच एका पेशंटनं करून घेतलंय. तिथं पलंगावर आडवा पडून."

फक्त पहिल्या प्रश्नाला मी खोटं हो म्हटलं. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेतच. म्हणून धक्क्यावर गेले. हेडली जाळ्यांजवळ चार जणांत उभा होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "लिअँडरला रॅम्प लागेल." त्यानं टोपी काढली, परत घातली आणि सायलसला म्हणाला, "तुझ्याकडे त्या जुनिपर लाकडाच्या फळ्या आहेत ना?"

काल सकाळपासून ठोकाठोक चालू आहे. इंचभर चढाला फूटभर लांबी, त्यामुळे रॅम्प थेट रस्त्यापर्यंत येतो. घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा लांब. धक्क्यावरूनच काय, समुद्रातूनही दिसेल.

आणखी एक. माझ्या डोळ्यांचं हेडलीनं तुला लिहिलं असणारच. त्याला कळलंय हे मला जिन्याला पांढरा रंग लावला त्याच दिवशी कळलं होतं. आमची होडी हिरवी आहे. मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही. सेंट जॉन्सच्या डॉक्टरकडे नाव घातलंय, सप्टेंबरअखेर बोलावतील. तेव्हा मरीना तिथं माझ्याबरोबर राहायला येणार आहे. मग इथं या माणसाच्या जेवणाचं कोण बघणार? तुला कॉडचं कालवण येतं, त्याला येत नाही. ओझं वगैरे काही डोक्यात असेल तर तिथंच ठेवून ये.

सही करू नकोस.

सेलिना

*

रॅगेड कोव्ह
५ ऑगस्ट

मेव्हण्या,

रॅम्प झाला. दोन्ही बाजूंना कठडा. भिजला तरी निसरडा होऊ नये म्हणून रंगात वाळू घातली. सायलसला चाकाच्या गाडीत बसवून वर नेला, खाली आणला. तो म्हणतो चांगला आहे. परत एकदा बसवा म्हणत होता.

फोटो त्या बाईला पाठवलेत, तिनं तुला इकडे सोडायला हो म्हटलंय.

गावात कुणी काही म्हटलं नाही. म्हणजे, म्हातारी ड्रुसिला पार्डी म्हणाली. दोन हिवाळे ती घराबाहेर पडलेली नाही, तिच्या दारालाही पायऱ्या आहेत. खिडकीतून ओरडली, "हेडली, तुझं तिकडचं झालं की फळ्या उरतील का रे?"

उरल्या नाहीत. मी आणखी मागवल्यात.

तुझी बोट बुधवारी पहाटे बंदराला लागते. मी ट्रक घेऊन येतो. पत्ते खेळायला चौथा माणूस मिळत नव्हता, हे सेलिनानं तुला सांगितलं नसेल.

हेडली

*

रॅगेड कोव्ह
१२ ऑक्टोबर

प्रिय सेलिना,

मरीनाचा फोन आला की ऑपरेशन छान झालं, पट्टी निघाली, आणि पट्टी निघताच तू पहिलं वाक्य बोललीस ते डॉक्टरच्या शर्टावरच्या डागाबद्दल. म्हणजे दिसतंय. हे पत्र तू स्वतः वाचावंस म्हणून मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहितोय.

घर ठीक आहे. हेडलीनं एकदा कालवण केलं. त्याबद्दल आम्ही दोघांनी न बोलायचं ठरवलंय. न्हाणीघरातल्या दांड्या 'त्याच्यासाठी नाहीत', पण ओढायची उभी दांडी त्याचा हात लागून लागून चकचकीत झाली आहे. लाकडं आणायला तो आता मागच्या दारानं जात नाही. ढकलगाडीत भरतो आणि पुढच्या रॅम्पवरून, सगळ्या गावासमोर, शिट्टी वाजवत आत आणतो. वर मला म्हणतो, "तुझ्यामुळे ही भानगड दारात आली, निदान वापरून तरी घेतो."

ड्रुसिलाबाईंचा रॅम्प गेल्या शनिवारी झाला. मी खुर्चीवर बसून मापं सांगत होतो, सायलस आणि हेडली ठोकत होते. शेवटचा खिळा बसायच्या आत ती अंगात कोट घालून दारात उभी. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, "बाहेर." रस्त्यापर्यंत आली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मग आमच्याकडे चहाला आली ती दिवे लागेपर्यंत हललीच नाही. दोन वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. आता पाद्रीसाहेब चर्चच्या पायऱ्यांविषयी आम्हाला भेटू इच्छितात. हेडली म्हणतो, "त्याला सांग, रांगेत उभा राहा."

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो.

काल हवा स्वच्छ होती. हेडली आणि सायलस स्वयंपाकघरात पत्ते पिसत होते. मी कोट घातला, वॉकर घेतला आणि कुणाला न सांगता बाहेर पडलो. उतार, मग रस्ता, मग धक्का. एप्रिलपासून मी एकटा कुठं गेलो नव्हतो. कायम कुणाचा तरी हात काखेत. धक्क्याच्या टोकाला जाऊन बसलो. मासेमारीची एक लाँगलाइनर बोट आत येत होती, तिच्यावरच्या पोरानं हात केला, मीही केला. थंडी वाजायला लागली तेव्हा उठलो आणि परत निघालो. येतानाचा चढ मला वाटला होता त्याहून सोपा गेला. मध्ये एकदा थांबलो, कठडा धरला, श्वास घेतला आणि वर आलो.

दार उघडून मी उंबरठ्यावर उभा राहिलो. म्हणजे, उंबरठा होता तिथं. छाती फुगलेली होती. मला वाटलं, आता दोघं धावत येतील, विचारतील कुठं गेला होतास, एकटा गेलास, पडला असतास तर. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

हेडलीनं हातातल्या पत्त्यांवरून मानही वर केली नाही.

"दार लाव," तो म्हणाला, "ऊब बाहेर जातेय. आणि बस, पान टाकायची पाळी तुझी."

तुझा भाऊ,
लिअँडर